उजवीकडची पेटी

"सर, एवढं एकमत माणसांत नसतं," दशांश म्हणाला आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला. दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो विभागाचा आकडेतज्ज्ञ. वीस वर्षांत त्यानं कुठलाही आकडा पूर्णांकात सांगितला नव्हता, म्हणून कुठल्याशा बॅचनं हे नाव ठेवलं आणि पुढच्या सगळ्या बॅचेसनी ते इमानेइतबारे चालवलं. माणूस सोन्यासारखा, पण बोलण्यात लाडीगोडी नाही. प्राध्यापक त्याच्या टेबलाशी उभाच होता. आला होता एका सहीपुरता. त्याच्या ग्रंथाचं हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं होतं, परीक्षकानं एक बारीकशी शंका काढली होती, आणि ती शंका दशांशनं एका ओळीत मिटवायची एवढंच काम उरलं होतं. त्याऐवजी दशांशनं त्याच्यापुढे एक तक्ता सरकवला. डाव्या बाजूला वर्षं, उजव्या बाजूला टक्के, या खेपेला अपूर्णांक गाळून. एक्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, असं पंधरा वर्षं खाली-वर, आणि मग एकदम शंभर. त्याखाली शंभर. त्याखाली शंभर. अकरा वर्षं. "सगळं मिळून अठ्ठ्याऐंशी पूर्णांक शून्य सात येतं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही," दशांश म्हणाला. "अकरा वर्षांत दोन हजार तीनशे अठरा कार्डं, आणि मतभेद फक्त दोन. नवराबायकोत तर हे अजिबातच नसतं, सर." हे तो हसवायला म्हणाला होता. प्राध्यापक हसलाही. पण सही न मागताच त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

सव्वीस वर्षं त्यानं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता: राष्ट्राध्यक्षाची सत्ता खरोखर किती चालते. घटनेत लिहिलेली सत्ता सगळेच शिकवतात. याला हवी होती सही झाल्यानंतरची. हुकूम सुटला, शिक्का बसला, पुढे काय? नऊ राष्ट्राध्यक्ष, पाच हजार सातशे अठरा हुकूम, एकेका हुकुमाचं एकेक कार्ड. हुकूम तंतोतंत पाळला गेला असेल तर पाच, नुसता कागदोपत्री पाळला असेल तर एक, मधल्यांना मधले आकडे. पण एकट्या माणसाचा आकडा कोण खरा मानणार? म्हणून दुसरं मत. पहिलं मत त्याचं, दुसरं बायकोचं. ती आणि तो एकाच वर्गात शिकलेले, आणि खरं सांगायचं तर तिचं डोकं जास्त चालायचं. हे तो पूर्वी चारचौघांत सांगायचासुद्धा. पद्धत त्या दोघांनीच बसवलेली. तो कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा लिहायचा, कोपरा दुमडून त्याला क्लिप लावायचा आणि कार्ड तिच्याकडे सरकवायचा. ती कागदपत्रं वाचून मागच्या बाजूला आपला आकडा लिहायची. मग क्लिप काढायची. आकडे सारखे आले तर कार्ड डावीकडच्या पेटीत. तिचं नाव 'जुळलं'. वेगळे आले तर उजवीकडच्या. तिचं नाव 'बसायचं'. रविवारी सकाळी उजवीकडची पेटी मधे ठेवून दोघं बसायची आणि एकेका कार्डावर कडाकडा भांडायची. निकाल लागला की तो लाल शाईनं लिहून कार्ड डावीकडे टाकायची. "अरे, तुला वाचता येतं ना?" असं ती म्हणायची, कारण भांडताना ती त्याला अरे-तुरे करायची, पाहुण्यांसमोर मात्र अहो. दोन्ही कप गार व्हायचे. मुलं झाली नाहीत, त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण रविवारी सकाळी ते घरात नसायचं.

तो पायीच निघाला. दुपार कलली होती. फुटपाथवर एक बाई कुत्र्याला ओढत होती, कुत्रा तिला ओढत होता. छपाईच्या दुकानातून गरम कागदाचा वास आला. आपण काय समजलो होतो, हे तो आता स्वतःला एकेक करून विचारत होता. उजवीकडची पेटी रिकामी राहते हे त्याला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. उलट त्याला बरं वाटलं होतं. तिचा हात बसला, असं त्याला वाटलं. एका परिषदेत तर तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता, की आता आमच्या घरी दोन डोकी नाहीत, एकच आहे; लोक हसले होते, टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही टाळी वाजवली होती. अरेची जागा अहोनं घेतली तीही त्याच सुमाराला, आणि तेही त्यानं वयावर ढकललं होतं. रविवारी सकाळी तो वर्तमानपत्र वाचायला लागला होता, एवढंच. चहा गरम मिळायला लागला होता.

तारीख शोधायला त्याला तक्ता उघडावा लागला नाही. सातवा राष्ट्राध्यक्ष चालू होता तेव्हा, ज्याला दोघं घरात 'म्हातारा' म्हणत. म्हाताऱ्यानं शेवटच्या दोन वर्षांत हुकुमांचा नुसता सपाटा लावला होता, आणि एकाही खात्यानं एकाही हुकुमाला हरकत घेतली नव्हती. याला आनंदाचं भरतं आलं होतं: इतकी निर्विवाद सत्ता सबंध अभ्यासात दुसरी सापडली नव्हती. त्या सपाट्यातला सदतिसावा हुकूम पुलांचा होता. प्रत्येक जिल्ह्यानं आपापले पूल तपासून तीन महिन्यांत अहवाल द्यावा. सगळ्या जिल्ह्यांनी दिला. यानं पाच लिहिले. तिनं एक लिहिला. त्या रविवारी ती जे भांडली होती ते त्याला आता, रस्त्याच्या मधोमध, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाताना, शब्दन्‌शब्द आठवलं. "अरे, एकाही पुलाखाली कोणी उतरलेलं नाहीये. अहवालांची भाषा बघ. सगळ्यांचं वाक्य एकच आहे. खरंच बघितलं असतं तर कुणाला तडा दिसला असता, कुणाला गंज, कुणी तरी कुरकुरलं असतं. हरकत येत नाही म्हणजे ऐकतायत असं नाही. त्याचा नाद सोडलाय त्यांनी." तो म्हणाला होता, की हे तुझं वाटणं झालं, पुरावा नव्हे. आणि वादाचा निकाल लागत नसला तर पहिलं मत धरायचं, या स्वतःच बसवलेल्या नियमानं त्यानं तिचा एक खोडून लाल शाईनं पाच केला होता.

त्याच आठवड्यात धाकटीचं पत्र आलं. धाकटी म्हणजे बायकोची बहीण, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, एकटी, दुसऱ्या शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहणारी. छातीचा विकार बळावला होता. जिने चढवत नव्हते, आणि डॉक्टर म्हणत होते की हवा-उजेड असलेली तळमजल्याची जागा बघा, सोबत कुणीतरी हवं. बायकोनं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "मागची खोली तिला देऊ या," ती म्हणाली. मागची खोली म्हणजे कार्डांची खोली. चार लोखंडी कपाटं, लांब टेबल, आणि अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी. तो नाही म्हणाला नव्हता. नाही म्हणण्याइतका दुष्ट माणूस तो नव्हताच. तो म्हणाला, "मी नाही म्हणत नाहीये. पण कार्डं आत्ता हलवली तर क्रम मोडेल. म्हातारा तेवढा संपू दे, सहा महिने धर, मग अख्खी खोली तिची." आठवड्यानं तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "बघतोय मी." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो कागदात होता, त्यानं नुसता हात वर केला. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलेला असताना त्याला हे आठवलं आणि त्याबरोबरच आपल्या ग्रंथाचं चौथं प्रकरण आठवलं. त्याचं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण. राष्ट्राध्यक्षाला एखादा कायदा नको असला की तो नाकारलाच पाहिजे असं नाही. सही न करता टेबलावर ठेवून दिला की काम होतं. नकाराचं पाप लागत नाही, वाद होत नाही, मुदत आपोआप संपते. हे प्रकरण त्यानं लिहिलं ते पत्रानंतरच्या चार महिन्यांत. चौथ्या महिन्यात धाकटी गेली, एका इस्पितळाच्या व्हरांड्यात, कॉट मिळायची वाट बघत.

बायको एकटीच गेली आणि पाचव्या दिवशी परत आली. तो स्टेशनवर घ्यायला गेला होता, तेवढं त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत गेला तर ती टेबलाशी बसलेली, पुढ्यात कार्डांची चळत. त्याचा ऊर भरून आला होता. काय धीराची बाई आहे, असं त्याला वाटलं होतं. "कामासारखं औषध नाही," असंही तो म्हणाला होता, तिच्या खांद्यावर हात ठेवून. तिनं मान हलवली आणि कार्डाच्या मागे आकडा लिहिला. त्यानं क्लिप काढली. जुळला होता. त्या दिवशीची सगळी कार्डं जुळली होती. आज त्याला त्या सकाळची, स्वतःच्या त्या हाताची, त्या वाक्याची इतकी लाज वाटली की सिग्नल सुटूनही तो तसाच उभा राहिला आणि मागची माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली.

पण दोन कार्डं उरत होती. दोन हजार तीनशे अठरांत दोन. घर जवळ यायला लागलं तसा तो त्या दोन कार्डांना घट्ट धरून बसला. दोनदा तरी तिनं तोंड उघडलं होतं. दोनदा तरी तिला राहवलं नव्हतं. त्या दोन ठिकाणी ती सापडेल, जशी होती तशी, "अरे, तुला वाचता येतं ना" म्हणणारी, आणि तिथून धागा पकडून मागे जाता येईल. ग्रंथ गेला खड्ड्यात. प्रकाशकाला कळवायचं, की दुसरं मत पुन्हा घेतोय, वर्ष लागेल, दोन लागतील. हा विचार येताच त्याला इतकं हलकं वाटलं की फाटकाची कडी त्यानं एका झटक्यात काढली.

बायको पुढच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "लवकर आलात," ती म्हणाली. तो हं म्हणून तसाच मागे गेला. कपाटं उघडताना वास आला, जुन्या पुठ्ठ्याचा, लोखंडाचा. खिडकीतून ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं. या उन्हात एक कॉट सहज बसली असती; टेबल नुसतं भिंतीला लावलं असतं तरी बसली असती. हे त्याला अकरा वर्षांत प्रथमच दिसलं. उजवीकडची पेटी तळाशी होती. आत दोन कार्डं आणि एक गंजलेली क्लिप. त्याला एवढंही आठवेना, की ही दोन आपण कधी टाकली आणि त्यांच्यासाठी बसलो का नाही. बसलो नव्हतो, हे उघडच होतं. त्यानं डावीकडच्या पेटीतून पुलांचं कार्ड शोधून काढलं, तिन्ही घेऊन तो बाहेर आला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"या दोन ठिकाणी तू वेगळं लिहिलंयस," तो म्हणाला. त्यानं दोन्ही कार्डं तिच्यापुढे धरली.

तिनं चष्मा लावला, कार्डं लांब धरून पाहिली. "कुठली ही? हां. ही बघा तारीख. तेव्हा तुम्हाला ताप होता, आठवतंय? चार लिहायचे ते तुम्ही दोन लिहिले. आणि ही दुसरी तुम्ही घाईत केलीत. तुमच्या पद्धतीनं याला तीनच बसतात, बघा ना." तिनं कार्डं त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली. तिचं बरोबर होतं. दोन्हीकडे त्याचाच हात चुकला होता, आणि तिनं लिहिला होता तो त्याचाच आकडा, तो शुद्धीवर असता तर त्यानं लिहिला असता तो.

"क्लिप काढून बघायचीस?"

"क्लिप कशाला काढू? तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत असायचं की."

"आणि तुझं मत?"

ती एका सदऱ्याची बाही सरळ करत होती. ती केली, दुसरी केली. "मला वाटलं होतं, तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "सगळे आकडे तुमच्याच डोळ्यांखालून जात होते. पहिलं वर्षभर मला रोज वाटायचं, आज विचारतील. उजवीकडची पेटी रिकामी का, एवढं तरी. मग वाटलं, कळलंय आणि चालतंय यांना. मग सवय झाली." तिच्या बोलण्यात राग असता तर त्यानं तो आनंदानं झेलला असता. राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या घराचा पत्ता सांगावा तसं ती सांगत होती.

"धाकटीमुळे," तो म्हणाला. विचारायचं होतं, पण ते विचारल्यासारखं निघालंच नाही.

"तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी भांडले असते," ती म्हणाली. "भांडून घेऊन आले असते तिला. कपाटं मीच ओढली असती. तुम्ही नाही म्हणालाच नाहीत. मी रोज वाट बघत राहिले, आणि तिलाही पत्रात लिहीत राहिले, की होतंय, होतंय म्हणून. तिनं पिशवी भरून ठेवली होती. मी गेले तेव्हा दाराशीच होती पिशवी."

पिशवीचं त्याला माहीत नव्हतं. अकरा वर्षं एका छपराखाली राहून तिनं हे सांगितलं नव्हतं आणि यानं विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं. पण आता मी विचारतोय. या सगळ्या कार्डांवर तुला काय वाटत होतं ते मला सांग. दोन वर्षं लागू देत. मी ग्रंथ थांबवतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि खरोखरच विचार केला. ते त्याला दिसलं. तिच्या कपाळावर पूर्वीची ती आठी पडली, वाचताना पडायची ती, आणि तो खुर्चीत पुढे सरकला. मग आठी गेली. "आता खरंच काही वाटत नाही हो मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. मधे एकदा मीसुद्धा शोधून बघितलं होतं. एक कार्ड घेऊन बसले होते, तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा. म्हटलं, तुमचं बाजूला ठेवून मला काय वाटतं ते बघू. तुमचाच आकडा यायला लागला. ठेवून दिलं."

त्याला ते मान्य करवेना. सव्वीस वर्षं तो शिकवत आला होता, की सत्ता जिंकते कधी आणि नुसती उरते कधी हे हुकूम सोडणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि हे वाक्य आपण कोणाकडून उचललं होतं तेही त्याला आत्ता लख्ख आठवलं. त्यानं पुलांचं कार्ड घेतलं. खोडरबर आणि पुलांचे अहवाल घ्यायला मागच्या खोलीत गेला, परत आला, तिच्याकडे पाठ करून आपला पाच खोडला. लाल शाईतला निकालही खरवडला, त्याच्याखालचा तिचा एक तर केव्हाच दिसेनासा झाला होता. मग कोपऱ्यात नवा आकडा लिहिला, कोपरा दुमडला, त्याला गंजलेली क्लिप लावली. आणि सगळे अहवाल तिच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "हे एकच. माझा जुना आकडा विसर. मी काय लिहिलंय ते बघू नकोस, मनातही आणू नकोस. तुला काय दिसतं ते लिही."

तिनं अहवाल चाळले. सगळ्या जिल्ह्यांचे, सगळ्यांचं वाक्य एकच. तिनं ते अगदी नीट वाचले, कारण काम ती नेहमीच नीट करायची. बाहेर कुणीतरी फाटकावरून हात फिरवत गेलं. त्याला वाटलं, आता ती कागद आपटेल, आता म्हणेल, अरे, हेच तर मी सांगत होते. त्यासाठी तो काहीही द्यायला तयार होता. तिनं पेन्सिल उचलली, कार्ड उलटं केलं, आकडा लिहिला आणि स्वतःच क्लिप काढली. मागे एक होता. पुढे एक होता.

"जुळलं," ती म्हणाली.

तो त्या दोन एकांकडे बघत राहिला. तिचं अक्षर अकरा वर्षांत बदललं नव्हतं. "हा तुझा आहे की माझा?" त्यानं विचारलं.

"आता ते कसं कळणार?" ती म्हणाली, अगदी मायेनं. आणि कार्ड त्याच्याकडे देऊन, घड्या घातलेले कपडे उचलून आत जायला निघाली.

"बस ना जरा," तो म्हणाला.

ती लगेच बसली. कपडे मांडीवर ठेवले, हात त्यांच्यावर ठेवले, आणि तो पुढे काय सांगतो त्याची वाट बघत त्याच्याकडे पाहत राहिली.